बासचा टोन, ओव्हरड्राइव्ह आणि बनारसचा डग्गा

बास गिटारच्या ॲम्प्लिफायरवरचे टोनचे बटण आणि ओव्हरड्राइव्ह ही जवळपास एकच गोष्ट, असे अनेकांना वाटते. दोन्हींचे काम मुळातच वेगळे आहे. टोनचे बटण आवाजात आधीच असलेला खर्ज, मध्य किंवा तीव्र भाग कमी-जास्त करते. नवे काही घालत नाही. ओव्हरड्राइव्हमध्ये ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ताणले जाते. ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि त्यातून मूळ आवाजात नसलेले उपस्वर जन्माला येतात.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे मोठा आवाज, हाही गैरसमजच. शेंडे कापले गेल्यावर आवाज फारसा चढत नाही, त्याचा पोत बदलतो. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. छोट्या स्पीकरला ते झेपत नाही. पण 82, 123 असे उपस्वर ऐकू आले की मूळ स्वर कान आपणच भरून काढतो. ओव्हरड्राइव्हचा बास साध्या रेडिओवरही उमटतो तो यामुळे.

ओव्हरड्राइव्हची खरखर भारतीय संगीताला परकी आहे, असे म्हणणाऱ्यांनी सतारीची जवारी आठवावी. 1920 साली वाराणसीत जन्मलेल्या पंडित रविशंकरांच्या सतारीत खर्जाच्या तारा होत्या आणि जवारी खुली होती. जवारीत रुंद, किंचित उतरत्या घोडीला तार पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि नाद उपस्वरांनी भरून जातो. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो सामान्यतः उमटत नाही. अशीच जवारी असलेल्या तंबोऱ्यावर मात्र तोही ठळक ऐकू येतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात, तेव्हा त्यांचे सारे लक्ष या उपस्वरांकडे असते.

तरीही जवारी आणि ओव्हरड्राइव्ह यांना एका मापाने मोजता येत नाही. जवारी प्रत्येक तारेवर स्वतंत्रपणे काम करते. ॲम्प्लिफायर मात्र सगळे आवाज एकत्र छाटतो. दोन स्वर एकदम आले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे बेसूर स्वर त्यात मिसळतात. म्हणून बासवर एकेक स्वर वाजवताना ओव्हरड्राइव्ह शोभतो आणि स्वरसमूह वाजवताना बहुधा गढूळ होतो.

टोनच्या बटणाबद्दलची अशीच गल्लत तबल्याच्या डग्ग्याबाबतही होते. डग्गा घुमत नसेल तर बेस वाढवा, हा सर्वांत घातक समज. बनारस बाजातला, म्हणजे तबल्याच्या बनारस शैलीतला, घुमारा मनगटाच्या दाबातून येतो. दाब वाढला की कातडे ताणले जाते आणि स्वर मींड घेत चढतो. ही मींड कोणतेही बटण निर्माण करू शकत नाही. 1923 साली सुरू झालेल्या संकटमोचन संगीत समारोहासारख्या, मंदिराच्या प्रांगणातल्या मैफलींना ध्वनिवर्धक लागतोच. पण बेस 6 डेसिबलने वाढवला की त्या भागासाठी चौपट शक्ती लागते. शिवाय एका दिशेचा आवाज टिपणारा मायक्रोफोन डग्ग्याच्या अगदी जवळ ठेवला, तर तो स्वतःच खर्ज फुगवतो. शक्ती कमी पडली की डग्ग्याच्या ‘घे’ या बोलाचा शेंडा छाटला जातो, आणि गायक व तंबोरा त्याच ॲम्प्लिफायरमधून जात असतील, तर डग्ग्याच्या प्रत्येक आघाताला त्यांचाही सूर चरचरतो. अशा वेळी बेस उतरवून मायक्रोफोन थोडा मागे सरकवणे हाच उपाय.