पंधरा वर्षांपुढची मोटार आणि इथेनॉलचे पेट्रोल



हंगाम संपला, उसाचे बिल हाती आले, की घराघरांतून एक विषय हमखास निघतो. अंगणातल्या जुन्या मोटारीचे काय करायचे? कोणाकडे ॲम्बॅसडर आहे, कोणाकडे पद्मिनी, तर कोणाकडे वीस-बावीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली एस्टीम किंवा होंडा सिटी. वडीलधारे म्हणतात, "जुनं ते सोनं." पोरं म्हणतात, "देऊन टाका भंगारात." त्यातच पंपावरच्या पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असते. मका आणि तांदळापासून ते होते, तसेच उसापासूनही होते. म्हणून "आपल्याच उसाने आपली गाडी बिघडवली" अशी कुरबुरही कानी येते. खरे काय आणि खोटे काय, हे सभासदांना कळावे यासाठी हा लेख.

जुन्या मोटारी टिकल्या कशाने?

ॲम्बॅसडर बंगालमधल्या उत्तरपाडा येथे 1958 पासून 2014 पर्यंत बनत होती. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनली. 1944 साली ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखाना उभारणारे तेच उद्योगपती. मूळच्या फियाट 1100 ला पद्मिनी हे नाव 1974 मध्ये मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ही गाडी रात्रंदिवस राबली. तेथे टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि त्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

या गाड्या टिकल्या त्या नुसत्या जाड पत्र्यामुळे नव्हेत. यंत्र साधे होते, वर्षानुवर्षे फारसे बदलले नाही, त्यामुळे सामान सगळीकडे मिळे आणि गावोगावच्या मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला होता. आजही जुन्या गाडीची पहिली कसोटी हीच. तिचे सामान जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळते का? तिचे काम जाणणारा मिस्त्री पाचोऱ्यात आहे का? दोन्हींचे उत्तर "हो" असेल तर पुढचा विचार करावा.

आपल्या भागाचे दोन शत्रू

पहिला शत्रू बोअरचे पाणी. ठिबकच्या नळ्यांत जे पांढरे क्षार बसतात तेच रेडिएटरमध्ये बसतात. कारखान्याच्या बॉयलरला पाणी मऊ केल्याशिवाय देत नाहीत, ते याच कारणाने. मग मोटारीला तरी विहिरी-बोअरचे पाणी का घालावे? शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट घालावे आणि ठरल्या मुदतीत बदलावे. मे महिन्याच्या उन्हात इंजिन तापून हेडचे गॅसकिट जाते, त्या खर्चापुढे कूलंटचा खर्च काहीच नाही.

दुसरा शत्रू गाडी उभी राहणे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेक धरून बसतात, आणि उसाच्या रानातले उंदीर वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा तरी आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवावी. नुसती जागेवर चालू करून बंद केली तर चालत नाही.

इथेनॉलचे खरे-खोटे

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडे पडते. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि पुढे 10 टक्क्यांवर बसवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात आहे. समजा, आपली गाडी लिटरला 12 किलोमीटर देते आणि महिन्याला 300 किलोमीटर चालते. आधी 25 लिटर लागत होते, आता पावणेसत्तावीस लागतील. म्हणजे पावणेदोन लिटर जादा. एवढ्यासाठी गाडी मोडीत काढण्याचे कारण नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांत रबर व इतर सामान 20 टक्के इथेनॉलला टिकेल असे घालतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत तसे नसते. त्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅसकिटे इथेनॉलने फुगतात, कडक होतात, चिरतात. अशा चिरेतून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकले तर गाडी पेट घेऊ शकते. म्हणून पुढील कामे या उन्हाळ्यातच करून घ्यावीत:

1. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या बदलाव्यात. इथेनॉलला टिकणारी, इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात ती नळी मागावी. क्लिपाही नव्या घालाव्यात.

2. पंप आणि कार्बोरेटरचे किट बदलावे.

3. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवते. गाळ फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये अडकतो. सुरुवातीला फिल्टर लवकर-लवकर बदलावा.

4. इथेनॉल पाणी ओढते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि पंप नेमके तेच ओढतो. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे. शंका आल्यास तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून साफ करावी.

गाडीत पेट्रोलचा वास आला की ती तिथेच थांबवावी. गळती शोधायला काडी पेटवू नये. डिझेल गाडीवाल्यांना यातली काळजी नाही, कारण पंपावरच्या डिझेलमध्ये इथेनॉल मिसळत नाहीत.

कागदपत्रे

"पंधरा वर्षे झाली की गाडी बंद" ही समजूत चुकीची आहे. वयावरून बंदीचा नियम निघाला तो दिल्ली परिसरासाठी. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क पंधरा वर्षांनंतर 5,000 रुपये आहे. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारीला ते 10,000 रुपये झाले. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर-प्लेट लागते. पीयूसी आणि विमा चालू हवा. विमा नसताना अपघात झाला तर भरपाईपायी शेतावर कर्ज काढण्याची वेळ येते.

ठेवायची की काढायची?

याचे उत्तर वहीत आहे. जसा उसाचा एकरी खर्च मांडतो, तसा गाडीचा वर्षाचा खर्च मांडावा. दुरुस्ती, विमा आणि कर एका बाजूला लिहावेत. नवी गाडी घेतल्यास कर्जाचे व्याज आणि दरवर्षी उतरणारी किंमत दुसऱ्या बाजूला. पुष्कळदा जुनीच स्वस्त पडते. मात्र चेसिस किंवा खालचा पत्रा गंजून कुजला असेल, ब्रेकचे सामान मिळत नसेल, तर वही मिटावी आणि गाडी काढावी. तिथे पैशाचा हिशेब लावू नये, कारण आत घरची माणसे बसतात.

काढतानाही ती सरकारमान्य भंगार केंद्रातच द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करसवलतीला कामी येते. नोंदणी तशीच राहिली तर उद्या त्या नंबरवर काही घडल्यास नोटीस आपल्याच दारी येते.

इथेनॉलमुळे उसाला बाजार मिळाला, ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे. त्या इथेनॉलवर जुनी मोटारही चालेल, मात्र नळ्या वेळीच बदललेल्या हव्यात. पावसाळा तोंडावर आहे. मिस्त्रीकडे गर्दी होण्याआधी हे काम उरकून घ्यावे, ही विनंती.