दम्याची रोजची औषधे : गुण आणि दोष



वसंतातल्या अशा सभेत दम्याची चार-दोन माणसे असावयाचीच. आपल्या खोकल्याने वक्त्याचा रसभंग होऊ नये म्हणून ती बिचारी कडेची खुर्ची धरून बसतात. आजचे व्याख्यान त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

लग्न ठरलेल्या एका मुलीची आई मला म्हणाली, “डॉक्टर, गोळ्या कितीही द्या, इंजेक्शनही चालेल, पण तो पंप तेवढा नको. सासरी कुणी पाहिला तर? शिवाय तो एकदा लागला की जन्माचा लागतो म्हणतात!” या माउलीचे दोन्ही प्रश्न मनापासूनचे होते. त्यांचे उत्तर द्यावयाचे तर आधी दमा म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. अशा सुजलेल्या नळ्या चिडखोर बनतात. धूळ, धूर, परागकण, सर्दी, थंड हवा एवढेसे निमित्त झाले की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास घरघरू लागतो. आपणांस दिसतो तो आवळण्याचा झटका. पण झटका नसतानाही आत सूज असतेच. हे एक वाक्य ध्यानात राहिले तर पुढचे सारे सोपे आहे.

औषधांचे त्यावरून दोन वर्ग पडतात. आवळलेली नळी तात्पुरती सैल करणारे ते आरामाचे औषध, आणि मूळची सूज उतरविणारे ते नियंत्रणाचे औषध. पहिल्या वर्गातले सालब्युटामॉल बहुधा निळ्या पंपात मिळते. काही मिनिटांत आराम पडतो, म्हणून रोग्याचा जीव त्याच्यावर. हात थरथरणे आणि छातीत धडधड होणे हे त्याचे दोष. परंतु खरा दोष निराळाच आहे : ते सुजेला हात लावीत नाही. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रेनलिनच्या फवाऱ्याचा खप वाढला आणि त्याच काळात दम्याच्या मृत्यूंची संख्याही वाढली. त्याची कारणमीमांसा पुष्कळ झाली. पण वरवरच्या आरामाने माणूस गाफील राहतो, हा धडा त्यातून मिळाला. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने तर २०१९ पासून स्पष्टच सांगितले आहे, की बारा वर्षांवरील रोग्यांनी केवळ अशा आरामाच्या पंपावर विसंबू नये.

आता नियंत्रणाच्या औषधांकडे वळू. त्यांत पहिला मान स्टिरॉइडचा, आणि सर्वांत मोठी भीतीही त्याचीच. ती भीती निराधार नाही. कॉर्टिझोनच्या संशोधनास १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या दशकात दम्याचे रोगी या जातीच्या गोळ्यांनी अक्षरशः उठून बसले. पण महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचे चेहरे सुजू लागले, हाडे ठिसूळ झाली, साखर व रक्तदाब वाढला, डोळ्यांत मोतीबिंदू आले, मुलांची वाढ खुंटली. शरीरातील स्वतःचे स्टिरॉइडही बनेनासे झाले. म्हणून अशा गोळ्या फार दिवस घेतल्यावर एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. गल्लीबोळांतल्या ‘रामबाण’ पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर आनंदण्यापूर्वी शंका घ्यावी!

यावर तोड निघाली ती १९७२ साली. बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड फवाऱ्याने थेट श्वासनलिकेत पोचविण्याची सोय झाली. पुढे ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन आली. येथे थोडा हिशेब करू. मोठ्या झटक्यात प्रौढ माणसास प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत देतात. म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइडच्या फवाऱ्याची रोजची कमी मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. शंभर पटींचे अंतर! फवाऱ्यातले औषध वजनाच्या मानाने अधिक तीव्र असते, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नव्हे. तरीही गोळी सर्व शरीरभर हिंडते आणि फवारा मुख्यत्वे जेथल्या तेथे काम करतो, हा भेद कायमच राहतो.

फवाऱ्यालाही दोष आहेत, ते लपवू नयेत. घसा बसतो, तोंडात पांढरी बुरशी धरते. औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकणे आणि पंपाला स्पेसर ही पोकळ नळी जोडणे, एवढ्याने हे बरेचसे टळते. रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरली, असे अमेरिकेतील दीर्घ पाहणीत २०१२ साली आढळले. एक सेंटिमीटर उंची एका पारड्यात आणि मोकळा श्वास, शाळा व खेळ दुसऱ्या पारड्यात. कोणते जड, हे पालकांनीच ठरवावे. मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेतल्यास मात्र हाडे व डोळे यांकडे लक्ष हवे. म्हणून जेवढ्यात काम भागते तेवढीच मात्रा, हा नियम.

फवाऱ्याने पुरेसे न भागल्यास फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल यांची जोड देतात. नळी बारा तास सैल ठेवण्याचा त्यांचा गुण. पण दम्यात स्टिरॉइडवाचून ती एकटी घेणे घातक ठरते. दोन्ही एकाच पंपात असली की हा धोका टळतो.

माँटेलुकास्ट ही रात्रीची गोळी. घेण्यास सोपी, नाकाच्या ॲलर्जीवरही उपयोगी. परंतु स्टिरॉइडच्या फवाऱ्याहून गुणाला उणी. काही जणांना तिने वाईट स्वप्ने, चिडचिड, खिन्नता, क्वचित आत्मघाताचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तसा कडक इशारा दिला. मूल एकाएकी विचित्र वागू लागले, तर त्यास रागे भरण्याआधी गोळी आठवावी आणि डॉक्टरांस सांगावे.

थिओफिलिन हे जुने व स्वस्त औषध. पण त्याची गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडे. मळमळ, निद्रानाश, धडधड, आणि मात्रा फारच चढल्यास झटके. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतल्यास रक्तातले त्याचे प्रमाण वाढते.

टायोट्रोपियमची कथा आपणांस जवळची वाटेल. धोतऱ्याचा धूर ओढण्याची येथली रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली. धोतऱ्यातल्या द्रव्याच्या कुळातलेच हे शुद्ध केलेले औषध. तोंड कोरडे पडणे हा त्याचा दोष. काचबिंदू किंवा लघवीची अडचण असलेल्यांनी आधी सांगावे. यावरून कुणी घरी धोतरा ओढू नये. तो विषारी आहे.

या सर्वांनी न भागणाऱ्या थोड्या रोग्यांसाठी ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब अशी इंजेक्शने या शतकात निघाली आहेत. गुण चांगला; किंमत मात्र सामान्य खिशाला जड, आणि क्वचित तीव्र ॲलर्जीचा धोका.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. चष्मा लावला म्हणून डोळे अधू होत नाहीत. डोळे अधू म्हणून चष्मा लागतो. पंपाची ‘सवय’ ही तशीच. ती नको म्हणून गोळ्या मागणे म्हणजे लहान दोष टाळण्यासाठी मोठा दोष घरात आणणे होय. मी वरचा हिशेब तिला कागदावर मांडून दाखविला. तिच्याआधी मुलगीच म्हणाली, “मी त्यांना आधीच सांगते. लपवून श्वास कसा घेणार?”

श्रोतेहो, दवाखान्यात जाल तेव्हा एवढे विचारा : यांतले आरामाचे औषध कोणते व रोजचे कोणते? पंप मी ओढतो तो बरोबर ओढतो का? मात्रा कमी कधी करावयाची? आणि रात्री दम लागून निळ्या पंपाने भागले नाही, तर कोठे धावावयाचे? बरे वाटले म्हणून रोजचे औषध आपल्या मनाने सोडू नका. बरे वाटते आहे, ते पुष्कळदा त्या औषधामुळेच.