पडद्यामागचे हात – भाग 6
झिजलेलं लुगडं

गेल्या आठवड्यात आपण प्रकाशयोजनेविषयी बोललो. त्या प्रकाशात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचा चेहरा नीट दिसण्याआधी त्याचे कपडे दिसतात. माणूस कोण, कुठल्या घरातला, सध्या त्याचं कसं चाललंय, हे तो तोंड उघडण्यापूर्वीच कळलेलं असतं. भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आणि वेशभूषेला आहार्यात जागा दिली. म्हणजे कपडे हा अभिनयाचाच भाग झाला. आपल्याकडे मात्र अजूनही ‘कपडेपट’ म्हटलं की भाड्याने आणलेल्या पोशाखांची पेटी एवढंच अनेकांच्या डोळ्यांपुढे येतं.

मराठी रंगभूमीने कपड्यांचं वैभव भरपूर पाहिलंय. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना यांचं अनुकरण घरंदाज स्त्रिया करत. त्यांच्याच गंधर्व नाटक मंडळीने 1919 मध्ये राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. त्यातली सिंधू सुखवस्तू वकिलाची पत्नी. नवरा सुधाकर दारूच्या आहारी जातो आणि पाच अंकांत तिचा संसार धुळीला मिळतो. दुसऱ्यांची दळणं दळून ती घर चालवते. वेशभूषाकाराचं काम समजून घ्यायला याहून चांगलं नाटक सापडणं कठीण. आज कुणी हे नाटक करायला घेतलं, तर त्याचं काम कसं चालेल ते पाहू.

सुरुवात कापडाच्या दुकानात होत नाही, संहितेच्या वाचनात होते. वेशभूषाकार एक तक्ता आखतो. उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेत प्रवेश. प्रत्येक चौकटीत त्या पात्राच्या अंगावर काय आहे, मागच्या प्रवेशापासून किती काळ गेलाय आणि कपडे बदलायला किती वेळ मिळतो, हे लिहितो. सिंधूची रांग डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की तिची पडझड कागदावरच दिसते. आधी रेशमी काठाचं लुगडं आणि दागिने, मग दागिने उतरलेले, मग साधं सुती लुगडं, शेवटी ठिगळाचं.

ते शेवटचं लुगडं बाजारात मिळत नाही. नवं कापड जुनं करावं लागतं, आणि खरं कसब इथेच दिसतं. कापड वारंवार धुऊन त्याची खळ काढायची. फार पांढरं असेल तर चहाच्या पाण्यात बुडवायचं, कारण शुभ्र पांढरा रंग दिव्यांखाली डोळ्यांवर येतो आणि नटाचा चेहरा मागे पडतो. मग झीज. ती कुठेही करून चालत नाही, जिथे शरीर घासतं तिथेच हवी. निऱ्यांचा खालचा काठ जमिनीला लागून विरतो. पदराचं टोक हात पुसून, गरम भांडं धरून मळतं. जात्याशी बसणाऱ्या बाईच्या लुगड्याचा मांडीवरचा भाग पातळ होतो. त्या जागा पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायच्या. आणि ठिगळ नीट, बारीक टाक्यांनी लावायचं, कारण सिंधू टापटिपीची बाई आहे. तिची गरिबी दाखवायची आहे, गबाळेपणा नाही. वेड्यावाकड्या टाक्यांचं ठिगळ लावलं तर ती बाईच बदलते.

सुधाकरचे कपडे याच्या उलट बोलतात. वकिलाचा कोट तोच राहतो, पण बटण तुटतं ते पुन्हा लागत नाही. कॉलर मळते, खिसे ओघळतात. एकाच घरात एकाच्या कपड्यांची कुणी काळजी घेतंय आणि दुसऱ्याला स्वतःची शुद्ध नाही, हे एका शब्दाशिवाय कळतं. आणि पुढच्या प्रयोगाला पहिल्या अंकात हाच कोट कोरा करकरीत हवा. म्हणून एकाच कपड्याच्या दोन-तीन प्रती, वेगवेगळ्या अवस्थेतल्या, तयार ठेवाव्या लागतात.

आता शिवणकाम. जात्याचा खुंटा फिरवताना हात खांद्यापासून हलतो, म्हणून चोळीला बगलेत जास्तीचा तुकडा हवा, नाहीतर पहिल्याच प्रयोगात शिवण उसवते. विंगेत घाईने कपडे बदलायचे तर गाठीच्या चोळीला आतून टिचबटणं लावतात. वेल्क्रो सोपं, पण त्याचा चर्र आवाज शांत प्रवेशात प्रेक्षकांपर्यंत जातो. वेळ फारच कमी असेल तर लुगडं शिवूनच घेतात. शिवणीत माया भरपूर सोडायची, कारण उद्या कलाकार बदलला की त्याच कपड्यात दुसरं माणूस बसवायचं असतं.

रंगाचा हिशेब प्रकाशयोजनाकाराबरोबर बसूनच करावा लागतो. लाल कापडावर हिरवा प्रकाश टाकला तर ते काळपट दिसतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मनात भरलेला रंग रंगमंचावर मातकट होऊ शकतो. म्हणून रंगीत तालमीपर्यंत न थांबता, कापडाचे तुकडे आधीच दिव्याखाली धरून पाहायचे. बारीक नक्षी पाचव्या रांगेनंतर विरघळते, म्हणून काठ रुंद निवडायचे.

नाटक सुरू झालं की काम संपत नाही. शनिवारी ठाण्याचं गडकरी रंगायतन, रविवारी दादरचं शिवाजी मंदिर. मधल्या रात्री घामाने भिजलेले कपडे वाळले पाहिजेत, उसवलेलं शिवलं पाहिजे, इस्त्री झाली पाहिजे. रंगपटात प्रवेशांच्या क्रमाने हँगर लावणारा माणूस चुकला, तर सिंधू श्रीमंती लुगड्यात दळायला बसेल.

कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 1983 मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हा मान आपल्या मातीतल्या वेशभूषाकाराला मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहे. तो अभिमान खरा असेल, तर आपल्या नाटकांनी वेशभूषाकाराला शुभारंभाच्या आठ दिवस आधी नव्हे, पहिल्या वाचनाला बोलवावं. नवं लुगडं आठ दिवसांत विकत मिळतं. झिजलेलं लुगडं मात्र ज्याला ते नेसणारी बाई कळली आहे, त्यालाच करता येतं. आणि ती बाई वाचनाच्या खोलीतच भेटते.

(पुढच्या आठवड्यात : रंगभूषा)