नऊ पत्रिका, एक रविवार

गाडीतल्या सॅटनॅव्हने सांगितलं, दुपारी पाऊण वाजता घरी. प्रत्यक्षात रात्रीचे नऊ वीस वाजले. मधल्या साडेआठ तासांत काय झालं, त्याचीच ही गोष्ट. आणि एका दिवसात सात-आठ ठिकाणं 'कव्हर' करायचा प्लॅन तुम्हीही आखत असाल, तर थोड्या टिप्सही.

ताईच्या लग्नात आत्या जेवली नाही.

म्हणजे ती आली, अक्षता टाकल्या, आहेर केला, फोटोतही उभी राहिली आणि पंगत बसायच्या आत राहूला परत गेली. कारण? तिला पत्रिका उशिरा मिळाली. उशिरा म्हणजे फक्त एका दिवसाने. पण त्या एका दिवसात भीमेच्या पलीकडच्या काठावर न्हावऱ्याच्या मामांकडे पत्रिका पोचली होती आणि ही बातमी फोनवरून आत्याला आधी कळली होती. 'भावाच्या घरचं लग्न आणि बहिणीला बायकोच्या भावानंतर आवतण!' त्या वेळी पत्रिका वाटायला गेलेल्या आमच्या चुलतभावाचं म्हणणं एवढंच होतं, की मामांचं घर वाटेत आधी लागलं.

त्यामुळे या वेळी दादाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ठरवलं, की हे प्रकरण प्रोफेशनली हाताळायचं. दादा बंगळुरूला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणजे स्टीअरिंग माझ्या हातात. दिवाळीनंतरचा एकच रविवार मोकळा आणि यादीत नऊ नावं: थेऊर, उरुळी कांचन, यवत, केडगाव, राहू, रांजणगाव सांडस, न्हावरे, रांजणगाव गणपती आणि शिक्रापूर. हडपसरहून निघून हडपसरला परत. जेमतेम दोनशे किलोमीटर. शनिवारी रात्री पार्किंगमध्ये गाडीत बसून मी नऊही ठिकाणं सॅटनॅव्हमध्ये टाकायला घेतली.

राहू की राहुरी?

पहिलाच घोळ नावांचा. 'राहू' टाइप करायला घेतलं, तर मशीनने तत्परतेने राहुरी पुढे केलं. राहुरी अहिल्यानगरच्याही पलीकडे. आपलं राहू दौंड तालुक्यात, एका बाजूला मुळा-मुठा आणि दुसऱ्या बाजूला भीमा. म्हणून त्या सगळ्या भागाला राहू बेट म्हणतात. ऊस, गुऱ्हाळं आणि नदी.

मग रांजणगाव. यादीत दोन रांजणगावं, दोन्ही शिरूर तालुक्यातच! एक अष्टविनायकातलं, नगर रोडवरचं, एमआयडीसीवालं. दुसरं रांजणगाव सांडस, भीमेच्या काठावरचं. घाईत एकावर बोट पडलं, की दिवस गेला. अष्टविनायकाला निघालेल्यांचा असाच घोळ महडबाबत होतो. वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ आणि चवदार तळ्याचं महाड पार दक्षिण रायगडात. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच.

यावर माझा उपाय सोपा होता. प्रत्येक घरी फोन केला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवलं. आत्याने लोकेशनऐवजी उसाचा फोटो पाठवला. शेवटी आत्येभावाने पिन टाकली.

तीन लाख बासष्ट हजार रस्ते

आता खरा प्रश्न: क्रम कुठला? नऊ ठिकाणं म्हटलं की वाटतं, दोन-चार पर्याय असतील. पण पहिल्या ठिकाणासाठी नऊ पर्याय, दुसऱ्यासाठी आठ, मग सात... गुणाकार केलात, तर नऊ घरांना जाण्याचे ३,६२,८८० क्रम निघतात. एक घर वाढवलं, की छत्तीस लाखांच्या वर. गणितात याला फिरत्या विक्रेत्याचं कोडं म्हणतात. वरवर बाळबोध वाटणारं हे कोडं जगातल्या बड्या बड्या डोक्यांना अजून पुरतं सुटलेलं नाही. कितीही ठिकाणं दिली तरी झटपट आणि हमखास सर्वांत लहान फेरी काढून देणारी पद्धत आजही कुणाकडे नाही.

दोन ठिकाणांमधला जवळचा रस्ता शोधणं मात्र सोपं. त्याची एक गाजलेली रीत एड्सखर डाइक्स्ट्रा या डच तरुणाला १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत सुचली. होणाऱ्या बायकोबरोबर शॉपिंग करून दमल्यावर कॉफी पिता पिता, वीस मिनिटांत! आजची नेव्हिगेशन यंत्रं अजूनही त्याच घराण्यातल्या युक्त्या वापरतात. अनेक थांब्यांच्या फेरीचा अभ्यास १९५९ मध्ये डँटझिग आणि रॅम्झर या दोघांनी मांडला. त्यांच्यापुढे पत्रिका नव्हत्या, पेट्रोल पोचवणारे ट्रक होते. आज आपल्या दारात पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये त्याच विचाराची नातवंडं आहेत.

यातली गंमत अशी, की फोनवरची बहुतेक साधी नकाशा-अ‍ॅप्स थांबे आपण टाकू त्याच क्रमाने घेतात. क्रम लावून देण्याची सोय काही सॅटनॅव्हमध्ये आणि डिलिव्हरीवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये असते. आमच्या गाडीत ती होती. मी बटण दाबलं. मशीनने क्षणभर विचार केला आणि यादी टाकली: शिक्रापूर, रांजणगाव गणपती, न्हावरे, रांजणगाव सांडस, राहू, केडगाव, यवत, उरुळी, थेऊर. ड्रायव्हिंग टाइम साडेपाच तास. सकाळी सव्वासातला निघालं, की पाऊण वाजता घरी. मी मनातल्या मनात दुपारच्या शोची तिकिटंसुद्धा काढली.

'असं नसतं'

आईने स्क्रीनकडे एकदाच पाहिलं. "गणपतीला शेवटची पत्रिका? तुझ्या मशीनला सांग, असं नसतं."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त 'न्हावरे' आणि त्याखालच्या 'राहू'वर बोट ठेवलं. मामा आधी, आत्या नंतर. म्हणजे पुन्हा तेच!

मी वाद घालायच्या तयारीत होते. पेट्रोलचे भाव, वेळ, लॉजिक वगैरे. तेवढ्यात लक्षात आलं, की ही तर नुसती गोल फेरी आहे. नगर रोडने जाऊन सोलापूर रोडने या किंवा सोलापूर रोडने जाऊन नगर रोडने या, किलोमीटर जवळपास तेवढेच. मशीनच्या लेखी दोन्ही दिशा सारख्याच. आमच्या घरात मात्र एका दिशेला आत्याचा रुसवा होता आणि दुसऱ्या दिशेला नव्हता. मी यादी उलटी केली. थेऊरचा चिंतामणी पहिला. उरुळी, यवत, केडगावला बाबांचे मित्र, ते मानापमानाच्या पलीकडचे. मग नातेवाइकांत पहिली आत्या. एकही जादा किलोमीटर न देता!

मशीनला अंतर कळतं, मान कळत नाही, एवढंच. आणि हे फक्त आमच्याकडचं नाही. अष्टविनायकाची यात्रा परंपरेप्रमाणे करायची तर मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि पुन्हा मोरगाव. म्हणजे भीमाकाठच्या सिद्धटेकहून घाट उतरून थेट रायगडात आणि परत वर थेऊरला! कुठलंही मशीन हा क्रम सुचवणार नाही. टूरवालेसुद्धा सहसा सोयीच्या क्रमाने नेतात. पण ज्याला तोच क्रम हवा असतो, त्याच्यासाठी लांबचा रस्ता हा चुकीचा रस्ता नसतो.

चहाचा हिशेब

थेऊरला पत्रिका देवापुढे ठेवली, तेव्हा आम्ही अगदी वेळेवर होतो. घसरगुंडी उरुळीपासून सुरू झाली. कारण साधं होतं. साडेपाच तासांत मशीनने फक्त चाकं फिरायचा वेळ धरला होता. प्रत्येक थांब्यावर शून्य मिनिटं! आपल्याकडे पत्रिका म्हणजे काय कुरिअर आहे? आधी पाणी, मग चहा, मग 'मुलगी काय करते', मग 'नाश्ता केल्याशिवाय जायचं नाही'. घरटी अर्धा तास म्हटला, तरी आठ घरांचे चार तास. हे गणित पाचवीतल्या मुलालाही आलं असतं. मी मास कॉमची डिग्री घेऊन ते केलं नव्हतं.

त्यात उसाचा सीझन. केडगाव सोडलं, की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मोठ्ठ्याने गाणी लावून, पंधराच्या स्पीडने. मशीन दर दहा मिनिटांनी पोचायची वेळ पुढे ढकलत होतं, ऑफिसातल्या डेडलाइनसारखी.

राहूला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. आत्या दारातच उभी. तिने पत्रिका हातात घेतली आणि उघडायच्या आधी विचारलं, "आधी कुणाकडं गेलता?"

"थेऊरला गेलो होतो, आक्का," बाबा म्हणाले. "आणि वाटेत मित्रांकडं. नातेवाइकांत पहिली तूच."

आत्या काही बोलली नाही. पत्रिका देवघरात ठेवून आली आणि ताटं घ्यायला लागली. "जेवल्याबिगर सोडत नाय." गुऱ्हाळावरून नुकता आणलेला गूळ, वर तुपाची धार, बाजरीची भाकरी. घाई आहे, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

ती कच्ची रेघ

पण घाई होती. रांजणगाव गणपतीचा चुलतभाऊ एमआयडीसीत सेकंड शिफ्टला तीन वाजता जाणार होता. आम्ही हात धुतले, तेव्हा दीड वाजून गेला होता. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून, मग सांडस, न्हावरे... जमणं अशक्य. मी फोनवर दुसरा नकाशा उघडून पाहिला. त्याने जवळच नदीवरून पलीकडे जाणारी एक बारीक रेघ दाखवली. चाळीस मिनिटं वाचणार! मी खुशीत किल्ली फिरवली.

आत्येभाऊ खिडकीशी आला. "ताई, तो बंधारा हाय. मोटारसायकल जाती. गाडी घालू नका. आत्ता पाणी अडवलंय."

नकाशावर ती रेघ रस्त्यासारखीच दिसत होती. हे का होतं, हे नंतर विचार केल्यावर कळलं. जीपीएसचं काम तुम्ही कुठे आहात हे सांगणं. त्याला निदान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात आणि ते काम ते चोख करतं. पण समोरच्या रेघेवर डांबर आहे, दगड आहेत की पाणी, हे उपग्रहाला नाही, नकाशा बनवणाऱ्याला माहीत असावं लागतं. तिथे दुचाकीवरून रोज माणसं जात असतील, तर मशीनला तो रस्ताच वाटू शकतो.

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्यातली मंडळी अशीच मोबाइलच्या नकाशाच्या भरवशावर रात्री अकोले तालुक्यात पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी घेऊन गेली. एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघं गेले. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. दोन्ही वेळा 'लोक बघत कसे नाहीत?' असं मीच म्हणाले होते. आणि चाळीस मिनिटांसाठी किल्ली फिरवणारीही मीच होते, शेजारी ऑपरेशन झालेल्या डोळ्यांचे बाबा बसलेले असताना.

आम्ही पुलावरून गेलो. मामांकडे न्हावऱ्याला पुन्हा चहा. रांजणगावला भाऊ अर्थातच भेटला नाही. वहिनीने पत्रिका घेतली आणि हसून म्हणाली, "ते फोनवर रुसलेत, पण येतील." शिक्रापूरला दिवे लागले होते. मग वाघोलीचं ट्रॅफिक. त्याबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगायचं?

निघण्याआधी हे करा

• आधी कागद घ्या: कुठला थांबा पहिला, कुठला शेवटचा आणि कुणाची वेळ ठरलेली, हे मशीनला देण्याआधी लिहा. उरलेल्या थांब्यांचा क्रम मशीनला लावू द्या.

• दोन्ही दिशा तपासा: गोल फेरी असेल, तर यादी उलटी करून बघा. बरेचदा फुकटात प्रश्न सुटतो.

• चहाचा वेळ धरा: प्रत्येक घराला किमान अर्धा तास. जेवणाच्या घराला दीड. मी हे आधी केलं असतं, तर शिफ्टवाल्या भावाकडे शनिवारीच जाऊन आले असते.

• नाव नको, पिन हवी: तालुका बघितल्याशिवाय 'गो' दाबू नका.

• नकाशा डाउनलोड करा: जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. उसाच्या फडात रेंज गेली, की स्क्रीनवर फक्त निळा ठिपका उरतो.

• नदी आली की थांबा: पूल की बंधारा, हे तिथल्या माणसाला विचारा. रात्री आणि पावसाळ्यात तर नक्कीच.

घरी पोचल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "आक्का काय म्हणाल्या?" बाबा म्हणाले, "जेवायला घातलं." आईने मान हलवली आणि गॅसवर चहा ठेवला. त्या दिवसातला माझा नववा.

परवा आत्याचा मेसेज आला. या वेळी उसाचा फोटो नाही. लाइव्ह लोकेशन, नातवाकडून शिकून पाठवलेलं. खाली एकच ओळ: 'लग्नाला आदल्या दिवशी येते. न्यायला गाडी पाठव.'