कावेरीचे मुख आणि सरकता किनारा

तंजावरच्या मराठा राजांपैकी शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) ह्यांनी १६९३ च्या सुमारास कुंभकोणमजवळील तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांस अग्रहार म्हणून दिले. राजाच्या नावावरून त्यास शहाजीराजपुरम् असेही म्हणत. दान राजाचे खरे. पण दान दिलेली जमीन मुळात आली कोठून? ती कावेरीने वाहून आणलेल्या गाळाची आहे. आणि तो गाळ येथेच का साचला, ह्याचा उलगडा पन्नासएक किलोमीटर पूर्वेस असलेल्या समुद्राकडे पाहिल्यावाचून होत नाही.

नदी किती खोल खणते आणि कोठे गाळ टाकते हे तिच्या मुखाशी असलेल्या समुद्राच्या पातळीवर अवलंबून असते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी हिमस्तरांत अडकून पडले होते. त्या वेळी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. किनारा अर्थातच पुढे सरकलेला होता आणि नद्या आपल्या दऱ्या खोल कोरीत होत्या. पुढे हिम वितळले व समुद्र चढला. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ही चढण मंदावली. नद्यांच्या मुखांशी उतार कमी झाला, वेग ओसरला आणि गाळ खाली बसू लागला. जगातील बहुतेक मोठे त्रिभुज प्रदेश त्याच सुमारास आजच्या आकारास येऊ लागले.

समुद्र चढला किंवा जमीन खचली म्हणजे जो किनारा बनतो त्यास निमज्जित किनारा म्हणतात. ह्याच्या उलट घडले म्हणजे उन्मज्जित. मराठी वाचकास पहिल्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची अशा ज्या खाड्या कोकणात आहेत, त्या समुद्राने व्यापलेल्या नदीच्या दऱ्याच होत. मुंबईस १८७० नंतरच्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असता चिखलाखाली खैराच्या झाडांचे शेकडो बुंधे सापडले. त्यांपैकी कित्येक आपल्या मुळांवर उभेच होते. दुसऱ्या प्रकाराची साक्ष रामेश्वरम् बेटावर मिळते. तेथे मृत पोवळ्यांचे खडक आज पाण्याबाहेर उघडे पडले आहेत. जिवंत पोवळे पाण्याखालीच वाढते. तेव्हा एके काळी तेथे समुद्राची पातळी जमिनीच्या मानाने अधिक उंच होती, हे उघड आहे.

कावेरीच्या किनाऱ्यावर मात्र ही दोन नावे पुरत नाहीत. दक्षिणेस वेदारण्यम् येथे जुन्या पुळणींच्या रांगा एकीमागून एक उभ्या आहेत. प्रत्येक रांग म्हणजे पूर्वीचा एकेक किनारा; काही हजार वर्षांत जमीन समुद्राकडे कशी सरकत गेली ते त्यांवरून वाचता येते. जवळच सखल खाऱ्या दलदली आहेत. (१९३० साली राजाजींनी मिठाचा सत्याग्रह केला तो ह्याच भागात.) उत्तरेस पूम्पुहार येथे सर्व चित्र उलटे दिसते. तेथील प्राचीन बंदर समुद्राने गिळल्याची कथा ‘मणिमेखलै’ ह्या तमिळ महाकाव्यात आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात विटांची बांधकामे व कड्यांच्या विहिरी आढळल्या आहेत. ह्याउलट जवळच्या कीळैयूर येथे विटांचा जुना धक्का सापडला तो जमिनीत.

एकाच नदीच्या प्रदेशात समुद्र एकीकडे चढला आणि दुसरीकडे उतरला, असे कसे मानावे? मानण्याचे कारणही नाही. लाटा किनाऱ्याची वाळू सतत हलवीत असतात आणि नदी ती भरून काढते. भर अधिक पडली तर समुद्र स्थिर असताही जमीन पुढे जाते. भर तुटली तर ती मागे हटते. म्हणून नुसत्या आकारावरून किनाऱ्यास निमज्जित वा उन्मज्जित ठरवणे घाईचे होय. पूम्पुहारच्या ऱ्हासात समुद्राच्या चढण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, नदीच्या प्रवाहबदलाचा हात असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. कावेरीच्या पुराचे बरेचसे पाणी आज कोळ्ळिडमवाटे समुद्रास मिळते, आणि पूम्पुहारजवळचा मूळ प्रवाह अगदी क्षीण झाला आहे.

ह्या जमाखर्चात माणसानेही हात घातला आहे. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. त्याने शेतीस पाणी दिले. त्याबरोबर पूर्वी किनाऱ्यापर्यंत जाणारा गाळ जलाशयात अडकू लागला. त्रिभुज प्रदेशातील ताजा गाळ स्वतःच्या वजनाने हळूहळू दबत असतो. वरून नवी भर न पडल्यास जमीन खाली जाते. इकडे जगाची सरासरी समुद्रपातळी १९०० पासून सुमारे २० सेंटिमीटरांनी चढली आहे. आकडा लहान दिसतो. पण जेथे जमिनीस उतारच फारसा नाही, तेथे उंचीतील थोड्या फरकानेही खारे पाणी दूरवर आत शिरते. कालव्यांच्या शेवटच्या टोकास, जेथे गोडे पाणी आधीच अपुरे पोहोचते, तेथील भातशेतास व विहिरीस त्याची झळ प्रथम लागते.

पूम्पुहारच्या दक्षिणेस तरंगमबाडी येथे मासिलामणिनाथाचे चौदाव्या शतकाच्या आरंभीचे देऊळ अगदी लाटांच्या काठी उभे आहे. त्याचा समुद्राकडील भाग लाटांनी नेला, आणि उरलेल्या भागाच्या रक्षणासाठी काठावर दगड रचावे लागले आहेत.