बेळ्ळंदूरच्या पाण्यात आपण काय शोधत नाही

बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाचा फेस आता पूर्वीसारखा यमलूरच्या रस्त्यावर उडून दुचाकीवाल्यांच्या अंगावर येत नाही. 2015 पासून तीन-चार वर्षं या तलावानं देशभरच्या बातम्यांत जागा अडवली होती. पाण्याला आग लागते, हे लोकांनी टीव्हीवर पाहिलं. 19 जानेवारी 2018 ला पेटलेला तलाव विझवायला लष्कराचे सुमारे 5000 जवान उतरले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं कर्नाटक सरकारला 50 कोटींचा दंड ठोठावला. पुढे गाळ उपसायचं काम सुरू झालं. सरजापूर रोड, एचएसआर लेआउट या भागांत पुण्या-कोल्हापूरकडून आलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांना आणि इतरांनाही आता वाटू लागलंय की संकट टळलं. मला तसं वाटत नाही.

सुमारे 900 एकरांच्या या तलावात बेंगळुरूचं जवळपास 40 टक्के सांडपाणी वर्षानुवर्षं येत राहिलं. फेस आला तो मुख्यतः साबणचुऱ्यातून. कपडे धुण्याच्या पावडरीत तेलकट मळ सोडवणारी द्रव्यं असतात. त्यातलं जे कुजत नाही ते गाळात बसतं, पावसात ढवळून वर येतं आणि सांडव्यावरून पाणी कोसळलं की फेसाळतं. याच जातीच्या द्रव्यांत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाचं एक कुटुंब आहे. कापडगिरण्या, लाँड्र्या, फरशी पुसण्याची द्रावणं अशा अनेक ठिकाणी ते वापरलं जातं. त्याची खोड अशी, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जिवाणू त्याची लांब शेपटी कुरतडतात आणि मागे उरतं ते नोनिलफिनॉल. हे मूळ द्रव्यापेक्षा जास्त विषारी आणि जास्त चिवट. प्राणवायू नसलेल्या चिखलात ते कित्येक वर्षं टिकतं.

त्याचा खरा गुण उघडकीस आला तो अपघातानंच. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मिळालं तरच या पेशी भराभर वाढतात. पण एकदा इस्ट्रोजेन न घालताही त्या वाढू लागल्या. प्रयोगशाळेत कुणाची चूक झाली का, हे शोधता शोधता संशय प्लॅस्टिकच्या नळ्यांवर आला. त्या नळ्यांतून नोनिलफिनॉल पाझरत होतं, आणि पेशी त्यालाच इस्ट्रोजेन समजत होत्या. हे संशोधन 1991 मध्ये प्रसिद्ध झालं.

संप्रेरक म्हणजे शरीरात फिरणारा हुकूम. खोट्या सहीचा कागद आला तरी कारकून कामाला लागतो, तसं पेशीचं होतं. हुकमाला शाई फार लागत नाही, म्हणूनच ‘एवढ्याशा प्रमाणानं काय होणार’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या 260 क्रमांकाच्या तळ्यात कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळलं. प्रमाण होतं लिटरला साधारण 5 नॅनोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम औषध 20 कोटी लिटर पाण्यात. बेंगळुरूच्या भाषेत सांगायचं तर 10,000 लिटरच्या 20,000 टँकरना मिळून एक ग्रॅम. एवढ्यावर छोट्या मिनो माशांचे नर अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनवू लागले. त्यांच्या वृषणांची वाढ बिघडली आणि पाहता पाहता त्या जातीची संख्या कोसळली. औषध टाकणं थांबल्यावर काही वर्षांत मासे पुन्हा वाढले, हेही त्याच तळ्यानं दाखवलं.

माणसांचं काय? बेळ्ळंदूरकाठच्या कुणाच्या थायरॉइडचं किंवा वंध्यत्वाचं खापर थेट तलावावर फोडणं बेजबाबदारपणाचं होईल. नोनिलफिनॉलचा जोर खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा खूप कमी असतो, हेही सांगायला हवं. पण संप्रेरकांत ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांनी मुलांच्या वाढीवर परिणाम केल्याचा दाखला शेजारच्याच राज्यात आहे. केरळमधल्या कासरगोडच्या काजूबागांवर सुमारे वीस वर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथले 117 मुलगे आणि फवारणी नसलेल्या गावातले 90 मुलगे तपासले. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फवारणीच्या गावातल्या मुलांचं वयात येणं लांबलेलं दिसलं. सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली ती 2011 मध्ये. मधली आठ वर्षं मला अस्वस्थ करतात.

आता आपल्याकडची तपासणी पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग केलेत. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या डी वर्गाला तीनच कसोट्या: सामू, विरघळलेला प्राणवायू, मुक्त अमोनिया. शेतीसाठीच्या ई वर्गाला सामू, विद्युतवाहकता, सोडियमचं प्रमाण आणि बोरॉन. बस्स. नर माशात बलकाचं प्रथिन तयार होत असलं तरी पाणी या परीक्षेत खुशाल पास होईल.

आणि हे पाणी बेळ्ळंदूरात थांबत नाही. ते वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनीत आणि पुढे तमिळनाडूत उतरतं. शिवाय बेळ्ळंदूर ज्यात येतो त्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी 2018 पासून कोलारच्या तलावांत सोडलं जातं. योजना रोज 44 कोटी लिटरची. बोअरवेल आटलेल्या कोलारला या पाण्यानं दिलासा दिला, तो खोटा नाही. पण ही प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यापर्यंतचीच. पाणी सोडलं त्याच वर्षी जुलैत तिथल्या लक्ष्मीसागर तलावावरही फेस दिसला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. उपसलेल्या गाळाचा प्रश्नही असाच आहे. नोनिलफिनॉलसारखी पाण्यात फारशी न विरघळणारी द्रव्यं गाळाला धरून राहतात. तो शेतात टाकण्याआधी तपासायलाच हवा.

युरोपीय संघानं 2005 पासून साबण-डिटर्जंटमध्ये नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटवर 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. पर्यायी द्रव्यं होती, कंपन्यांनी ती वापरली, कपडे तितकेच स्वच्छ निघत राहिले. आपल्या दुकानातलं पाकीट उलटून पाहिलं तर वजन, किंमत, लिंबाचं चित्र सापडतं. आत काय आहे ते बऱ्याच पाकिटांवर नसतं. ते छापणं सक्तीचं करता येईल. नोनिलफिनॉल, बिस्फेनॉल-ए, ट्रायक्लोसान अशी संप्रेरकांत ढवळाढवळीचा संशय असलेली निवडक पाच-सहा द्रव्यं बेळ्ळंदूर, वर्तूर आणि कोलारच्या पाण्यात, गाळात आणि माशांत वर्षातून दोनदा मोजून आकडे जाहीर करता येतील. त्याला लागणारी यंत्रं याच शहरातल्या औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत रोज चालतात.