पाण्याची वहिवाट

मे महिन्याच्या अखेरीस सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केला की नवतपा लागतो, आणि त्या नऊ दिवसांत नागपूरच्या धरमपेठेतील दुपार इतकी निःशब्द होते की, झेंडा चौकातून ट्रॅफिक पार्कापर्यंत चालत गेले तरी खिडक्याखिडक्यांतील कूलरांच्या घरघरीवाचून दुसरा आवाज कानी पडत नाही. २३ मे २०१३ रोजी या शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. अशा उन्हाशी कसे वागावे, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे: सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या लावून घेणे, वाळ्याच्या ताट्या हंगामापूर्वी बदलणे, डोक्याला दुपट्टा गुंडाळल्यावाचून उंबरठा न ओलांडणे, आल्यागेल्याला आधी पाणी आणि मग कैरीचे पन्हे देणे. हा मामूल कोणत्या दफ्तरात लिहिलेला नाही. तो आजीकडून नातीकडे आला. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या मजुराला मात्र हा आडोसा कधीच लाभला नाही, आणि म्हणूनच महापालिकेने २०१६ पासून उष्णतेचे इशारे देण्याची, दुपारी उद्याने उघडी ठेवण्याची जी तजवीज केली, ती मला फार मोलाची वाटते.

आमच्या गल्लीतील एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंचा मुलगा कॅनडात व्हँकुव्हरला असतो. २०२१ च्या जून महिन्यात त्याच प्रांतातील लिटन या लहानशा गावी पारा ४९.६ अंशांवर, म्हणजे नागपूरच्याही वर, गेला आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात बेचिराख झाले. त्या आठवड्यातील उष्णतेने ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ माणसे दगावली. बहुतेक वृद्ध, आणि जवळजवळ सारी आपापल्या घरातच. कारण ती घरे ऊब कोंडून ठेवण्यासाठीच बांधलेली. जी भिंत हिमवर्षावात प्राण राखते, तीच त्या दिवसांत भट्टी झाली. बाई रोज फोनवर मुलाला सांगत, "दिवसा खिडक्या उघडू नकोस, ओली चादर लाव, ताक पी." जगाच्या सरासरीच्या दुप्पट वेगाने तापणाऱ्या त्या विशाल देशाला नागपूरच्या स्वयंपाकघरातून उपाय सांगितले जात होते! त्या देशानेही पुढे हालचाल केली: उष्णतेच्या लाटेने २०४० नंतर एकही मृत्यू होऊ नये, असे त्याच्या २०२३ च्या राष्ट्रीय धोरणाचे उद्दिष्ट आहे, आणि त्या प्रांतात नव्या घरातील निदान एक खोली २६ अंशांपलीकडे तापू नये, असा बांधकामाचा नियम झाला आहे.

परंतु उन्हाची विद्या जपणाऱ्या आम्ही पाण्याची विद्या मात्र हरवली. २०२३ साली महालक्ष्म्यांच्या पूजेचा दिवस सरून २३ सप्टेंबरची पहाट उजाडण्यापूर्वी काही तासांतच शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, दीडशे वर्षांचा अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला, आणि नाग नदीने डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर अशा वस्त्यांतील घरे गाठली. बाईंच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते. महालक्ष्म्यांचे मुखवटे तेवढे त्यांनी उचलून पोटाशी धरले. कोठ्या, साड्या, फराळाची ताटे आणि चाळीस वर्षांची पुस्तके गढूळ पाण्यावर हेलकावत राहिली. व्हँकुव्हरला तेव्हा आदल्या दिवसाची दुपार होती. "आई, सगळं सोड आणि गच्चीवर जा," एवढेच मुलाला सांगता आले.

हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प पोटात धरते, आणि जे धरते ते एकदम ओतते. उन्हाळ्यात हेच बाष्प वाढले तर कूलरही निरुपयोगी ठरेल, कारण कोरड्या हवेवाचून त्याची ताटी गारवा देत नाही. पण त्या रात्रीचा सारा दोष आकाशाकडे देणे मला मान्य नाही. लाव्याच्या टेकड्यांतून निघणाऱ्या नागेचे पात्र आपण भिंतींनी आवळले, तिच्या काठांवर भर टाकली, आणि वर्षातून दहा महिने सांडपाणी वाहते म्हणून तिला नाला म्हणू लागलो. जमिनीवर वहिवाट सिद्ध करायला माणसाला साक्षीपुरावे लागतात. पाण्याची वहिवाट उतारावर लिहिलेली असते, आणि तो उतार धरमपेठेच्या पहिल्या आखणीच्याही आधीचा आहे. नदीच्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाचा एकही अर्ज मंजूर होऊ नये, आणि ती रेषा प्रत्येक घरमालकाला माहीत असावी, ही मागणी मी वारंवार करीत राहीन.

बाईंच्या घरी महालक्ष्म्या आता वरच्या मजल्यावर बसतात. सोळा भाज्या, पुरण आणि आंबिलीचे पातेले जिन्याने वर न्यावे लागते. गुडघे दुखतात म्हणून बाई मधल्या पायरीवर थांबतात, आणि शेजारच्या मुली त्यांच्या हातातले पातेले घेतात.